रेषेबाहेरचा हात

अर्ध्या मैदानाच्या बास्केटबॉलमध्ये संघात चौघं असतात. तिघं खेळतात, एक रेषेबाहेर उभा राहतो. प्रशिक्षकाला सामना चालू असताना एक शब्द बोलता येत नाही. कोणी कधी बाहेर यायचं ते खेळाडूंनीच ठरवायचं. आतल्यानं बाहेर येऊन तिथं उभ्या असलेल्याच्या हाताला हात लावला, की मगच तो आत जातो. माझ्यासारख्या हावरट माणसाच्या भरवशावर असला नियम ठेवायला नको होता.

देशाच्या संघात आम्ही दोघं नाशिकचे. मी शहरातला, तो घोटीचा. परदेशात उतरल्या उतरल्या त्याला ताप भरला आणि आधीचे सामने त्यानं हॉटेलच्या खोलीत पडून काढले. शेवटच्या सामन्याला तो बरा होऊन आला. आमची वयं पाहता पुन्हा निवड होणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

बाकीचे दोघं रंगात होते, म्हणजे बाहेर यायचं तर मीच. दर वेळी मी त्याला "थांब जरा" म्हणत राहिलो. अठरा-अठरा झाले आणि माझ्या पोटरीत गोळा आला. चेंडू बाहेर गेला, खेळ थांबला. त्यानं हात पुढे केला.

"ये बाहेर. एवढं तरी खेळू दे."

मी ऐकलं आणि चेंडूकडे वळलो. जिंकून देणार तो मीच, हे खूळ डोक्यात शिरलं होतं. समोरच्यानं मला लंगड्याला सहज चुकवलं, दोनदा. आम्ही हरलो.

आता सरावाला उभा राहिलो की पाठीमागे कोणीतरी हात पुढे करून थांबलंय असं वाटतं. वळायची भीती वाटते. खरंच वाटते.

परत आल्यावर त्यानंच मला घरी जेवायला नेलं. वाफाळता भात वाढताना त्याची आई म्हणाली, "सगळा खेळ मोबाइलवर पाहिला. हा काय दिसलाच नाय."



"मी आत गेलो तवा तुझी रेंज गेली आसल, आई," तो म्हणाला.

"जातीच मेली पावसात." ती माझ्याकडे वळली. "तूच सांग रं बाळा, कसा खेळला?"

"लय भारी, मावशी."

अजूनही भेटली की ती तेच विचारते, आणि दर वेळी मी तिच्या लेकाच्या नावावर आणखी एक बास्केट घालतो.