साक्षीला बहीण

हॉस्पिटलात त्यांना सगळे फोटोवाले काका म्हणत. एक्स-रे काढण्यात उभी हयात गेली. नवा डॉक्टर आला की काका त्याला बजावायचे, "मानेचे सातही मणके मोजायचे. सातवा दिसला नाही, तर फोटो झालाच नाही."

त्यांची धाकटी बहीण तिथेच अपघात विभागात सिस्टर होती. वडील गेल्यावर काकांनीच तिला शिकवलं, तिच्यापायी स्वतःचं लग्न लांबवलं.

एका दुपारी परांचीवरून पडलेला रंगारी आला. मांडी मोडलेली, बरगड्या मोडलेल्या, पोटात रक्त साचलेलं. मानेला पट्टा होता. काकांनी फोटो काढला, पण सातवा मणका खांद्यांच्या सावलीत बुडाला.

"साहेब, मान अपुरी आलीय. कुणीतरी याचे हात खाली ओढून धरा, परत काढतो."

"काका, आधी पोट उघडू दे. मान नंतर," सर्जन म्हणाला.

ते बरोबरच होतं. "मग तोवर पट्टा काढू नका," काका म्हणाले. सलाइन लावणाऱ्या बहिणीने मान डोलावली.

रंगारी वाचला. दुसऱ्या सकाळी सर्जनने तोच फोटो ओझरता पाहिला आणि पट्टा काढायला सांगितलं. बहिणीने काढला, पेशंटला कुशीवर वळवलं. दुपारपर्यंत त्याची बोटं बधिर झाली, पाय हलेनात. न दिसलेला सातवा मणकाच मोडलेला होता.

चौकशीत सर्जन बिनदिक्कत म्हणाला, "फोटो पूर्ण आहे, असं काकाच म्हणाले." काका निर्धास्त होते. बहीण होती ना!

ती खाली बघत म्हणाली, "दादा काही बोलल्याचं मला आठवत नाही."



त्यांची रवानगी रेकॉर्ड रूममध्ये झाली. बहीण घरी आली, रडली. "दादा, पट्टा माझ्या हातून निघाला होता. माझी नोकरी गेली असती. तुझी तर दोनच वर्षं राहिलीत."

"अगं, मला विचारलं असतंस, तर मीच अंगावर घेतलं असतं. विचारलं का नाहीस?"



मानेच्या ऑपरेशननंतर रंगाऱ्याची बोटं थोडी हलू लागली. पाय मात्र नाहीत. काकांनी त्याच्या खाटेशी बसून सगळं खरं सांगितलं.

तो छताकडे बघत म्हणाला, "त्या सिस्टर रोज मला भरवतात. त्या म्हणाल्या, चूक फोटोवाल्याची. मी कुणाचं खरं मानू?"

काका उठले. बहीण भरवायला येण्याची वेळ झाली होती.