उर्कुयाचा वाचणारा आवाज बंद पडला तेव्हा

किर्गिझस्तानातल्या काराकोल शहराच्या महिला मदतकेंद्रात उर्कुया लॅपटॉपवर आलेले बायकांचे निरोप ऐकायची; सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचे. ती जन्मांध होती. ब्राउझरला जोडलेला एक छोटा प्रोग्राम, एक्स्टेन्शन, तिला अक्षरं वाचून दाखवायचा. त्या दुपारी ती केंद्रात एकटीच होती.

"नवरा दार तोडतोय, एजे," आवाजाने वाचलं. "पोलीस पाठवा. माझा पत्ता..."

तिथेच आवाज बंद पडला. ब्राउझर बनवणाऱ्यांनी सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत वाढवलीच नव्हती, त्यामुळे त्या ब्राउझरची सगळी एक्स्टेन्शनं एकदम बंद झाली, हे तिला नंतर कळलं. आत्ता पत्ता समोर होता आणि तिला वाचता येत नव्हता.

बाहेरच्या कुणालाही निरोप दाखवायचा नाही, असा केंद्राचा कडक नियम. तरी उर्कुयाने लॅपटॉप उचलला आणि भिंत चाचपत शेजारच्या मेदेरबेक न्हाव्याचं दुकान गाठलं.

"मेदेरबेक, एवढा पत्ता वाच. लवकर!"

मेदेरबेकने वस्तरा खाली ठेवल्याचं तिला ऐकू आलं.

"अरे, दातखीळ बसली का तुझी?"

"हे घर माझ्या भावाचं आहे, एजे."

 उर्कुयाने पोलिसांना फोन लावला आणि तो मेदेरबेकपुढे धरला. पलीकडून कुणीतरी "बोला, बोला" म्हणत होतं. मेदेरबेककडून फक्त श्वास ऐकू येत होता.

शेवटी त्याने पत्ता सांगितला, मागच्या दाराच्या खुणेसकट, आणि गिऱ्हाईकाला अर्ध्या दाढीत सोडून तो स्वतःही धावत सुटला.

मेदेरबेकची वहिनी वाचली, तिचं मनगट तेवढं मोडलं. उर्कुयाने संध्याकाळी नियम मोडल्याचं केंद्रात सरळ सांगून टाकलं. मेदेरबेक आणि त्याचा भाऊ अजूनही एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.