जमिनीखालचं देऊळ

वहिनीने हट्ट धरला म्हणून मी त्या सहलीला गेले. आई जाऊन आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत मी दादाशी एक शब्द बोलले नव्हते. तो ग्लेन वेव्हर्लीला, मी पॉइंट कुकला. मेलबर्नच्या दोन टोकांना राहणाऱ्या भावंडांना एकमेकांना टाळायला फारसे कष्ट पडत नाहीत.

"किती दिवस चालवणार हे?" वहिनी फोनवर म्हणाली. "एप्रिलच्या सुट्टीत आपण चौघं कूबर पीडीला जाऊ. तिथे खडक पोखरून चर्च केलीत. आईंच्या नावाने मेणबत्ती लावू."

मी हो म्हटलं. समेट करायचा होता म्हणून नाही. मला दादाला एक प्रश्न विचारायचा होता, आणि शेजारी गाडीत बसलेल्या माणसाला फोन कट करता येत नाही, एवढंच माझं गणित होतं.

आई वारली ती वसईला, ऑगस्टमध्ये. दादा तेव्हा तिथेच होता, दोन आठवड्यांच्या रजेवर. शुक्रवारी दुपारी मी लॅबमध्ये असताना त्याचा फोन आला. आई पहाटे झोपेतच गेली, म्हणाला. "माझ्यासाठी थांबाल ना?" मी विचारलं. "तू निघ तर खरी," तो म्हणाला. मिळेल ते तिकीट काढून, सिंगापूरला नऊ तास बाकड्यावर बसून मी रविवारी सकाळी वसईला पोचले. अंत्यविधी शनिवारी संध्याकाळीच उरकला होता. पावसाने थडग्यावरच्या फुलांचा चिखल झाला होता. "डॉक्टर म्हणाले, ठेवता येणार नाही," दादा एवढंच बोलला आणि छत्री माझ्या डोक्यावर धरायला आला. मी बाजूला सरकले.

मी पॅथॉलॉजीत काम करते. त्याचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मेलबर्नहून कूबर पीडी म्हणजे दोन दिवसांचा गाडीचा रस्ता. दादा चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी, मागे मी आणि पंधरा वर्षांची भाची. आमचं बोलणं भाचीमार्फत चालायचं.

"आत्याला विचार, एसी कमी करू का."

"आत्या, डॅड्स आस्किंग इफ यू आर कोल्ड."

"त्याला सांग, मी ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती पोरगी कंटाळली. "यू गाइज आर सो वियर्ड," म्हणाली आणि कानात इअरफोन घालून बसली.

पोर्ट ऑगस्टा मागे पडल्यावर झाडं संपली. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना लालसर माती. गाव जवळ आलं तसे खाणीतून उपसलेल्या पांढऱ्या मातीचे ढीग दिसायला लागले, हजारो, जिथवर नजर जाईल तिथवर. लोक इथे ओपल नावाच्या रत्नासाठी जमीन खणतात आणि उन्हापासून वाचायला जमिनीच्या पोटातच घरं करून राहतात. गाडीचं दार उघडलं की माश्या डोळ्यांत, नाकात शिरायच्या. उघड्या खड्ड्यांपाशी पाट्या होत्या: पळू नका, उलटं चालू नका.

पहिल्या संध्याकाळी आम्ही गावाबाहेरची खडकाळ दरी बघायला गेलो. पिवळे, तांबडे, पांढरे कडे, मध्ये कोरडी सपाट जमीन, एक पक्षीसुद्धा नाही. मला ती जागा आवडली नाही. कोणी आलं काय, गेलं काय, तिला काही फरक पडत नव्हता. वहिनीने सगळ्यांचा एकत्र फोटो काढायला फोन दगडावर टेकवला.

"मध्ये उभी राहा ना तू," ती मला म्हणाली.

"मला नको. तुम्ही काढा."

"राहू दे," दादा तिला म्हणाला, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "तिला सगळीकडे असंच करायचं असतं."

दोन दिवसांत त्याने माझ्याबद्दल उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्च. वसईला आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, आणि खडकातल्या उतरणीवरून आत जाताना माझ्या तोंडून सवयीने तोच शब्द आला. आत एकदम गारवा. भिंतींवर खोदयंत्राच्या दातांचे गोल गोल ओरखडे तसेच ठेवलेले, छत कमानीसारखं वर चढत गेलेलं, वेदीमागे खडकातच कोरलेला कोनाडा. देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं की गावच्या खाणकामगारांनी आपापलं काम सांभाळून हे स्वतः खोदलं. वहिनी भारावून ऐकत होती. दादाने गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली, एक मेणबत्ती लावली आणि डोळे मिटले.

त्याला तसं शांत बघून माझं डोकं फिरलं.

"हॉस्पिटलच्या शवागारात जागा नव्हती?" मी विचारलं.

त्याने डोळे उघडले. "इथे नको."

"मग कुठे? वसईहून परतल्यापासून विचारायचं ठरवलंय मी. जागा होती की नव्हती?"

तो उठला. वहिनी जमिनीकडे बघत होती आणि तिच्याकडे बघूनच मला उत्तर कळलं.

"होती," तो म्हणाला. "तीन दिवस ठेवता आलं असतं."

"मग?"

"तू आली असतीस तर लोक आईकडे नाही, तुझ्याकडे बघत बसले असते. ज्या देवळात लग्न लागलं तिथेच तू नवऱ्याला सोडून येऊन उभी राहणार. सगळा गाव कुजबुजला असता. आईला निदान शेवटचं तरी नीट पोचवावं, असं वाटलं मला."

मी तीन वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी झाले होते. आईला सगळं माहीत होतं. दर रविवारी फोनवर ती मला विचारायची, जेवलीस का, झोप लागते का. दुसरं काही तिने कधी विचारलं नाही.

भाचीने एक इअरफोन काढला. "वेट. यू कुड हॅव वेटेड फॉर हर? यू टोल्ड मी देअर वॉज नो टाइम."

दादा परत मेणबत्तीकडे वळला. मी पुढे झाले आणि त्याने लावलेली मेणबत्ती फुंकून टाकली. आज ते लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. म्हाताऱ्या बाई जवळ आल्या, आमच्या कोणाकडे न बघता त्यांनी ती परत पेटवली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

परतीच्या वाटेवर पोर्ट ऑगस्टापर्यंत, म्हणजे साडेपाच तास, मी त्याच्या मानेकडे बघत बसले. ऊन त्याच्या कानावर पडलं होतं, कान आईसारखा. त्याचाही राग आला. पोर्ट ऑगस्टाला पेट्रोलसाठी गाडी थांबली तेव्हा मी डिकीतून बॅग काढली. वहिनी मागे धावत आली.

"अगं, असं अर्ध्या रस्त्यात नको जाऊस. मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं, थांब म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

मी बसने ॲडलेडला गेले, तिथून विमानाने घरी.

जानेवारीत मी एकटीच वसईला गेले. मावशीकडे उतरले. दुसऱ्या दिवशी देवळात आईच्या नावाने मिस्सेची प्रार्थना ठेवली होती. लोक येऊन माझ्याकडे बघतील म्हणून मी पाठ ताठ करून बसले होते. मिस्सा झाल्यावर बायका आल्या, माझे हात धरले. एकीने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मयताला आम्ही सगळ्या विचारत होतो, धाकटी कुठे, धाकटी कुठे. तुझा दादा म्हणाला, तिला रजा मिळाली नाही. असं कसं गं ते ऑफिस तुझं?"

मावशी माझ्याकडे बघत होती. रजेचंच खरं धरून गप्प बसता आलं असतं. दादाची तिथे इज्जत आहे आणि तो दरवर्षी येतो.

"रजा मिळाली होती," मी म्हटलं. "मी वाटेतच होते. त्याने थांबायचं नाही असं ठरवलं."

त्या बाई माझा हात न सोडता मला दफनभूमीकडे घेऊन गेल्या, आणि बाकीच्या आमच्या मागे आल्या.

संध्याकाळपर्यंत बातमी मेलबर्नला पोचली. दादाचा मेसेज आला: "झालं समाधान?" मी वाचला. उत्तर दिलं नाही, अजून दिलेलं नाही.