मानपत्राची पहिली सात वाक्यं

आमच्या मंडळात सत्कारमूर्तीचं नाव आधी जाहीर करत नाहीत. भोपाळमधल्या मराठी लोकांचं हे मंडळ जुनं आहे आणि ही रीत कुणी पाडली ते आता कुणालाच सांगता येत नाही. वर्धापनदिनाच्या संध्याकाळी आपल्यातल्याच एका माणसाचा सत्कार होतो. आधी मानपत्र वाचलं जातं. त्यात नाव अगदी शेवटी येतं, तोवर सगळं सभागृह अंदाज बांधत बसतं. सत्कारमूर्तीला तेवढं चार दिवस आधी गुपचूप कळवतात, नाहीतर ते नेमके त्याच दिवशी इंदूरला लग्नाला गेलेले असायचे. नाव पुकारलं की ते जोडीने स्टेजवर जातात. त्यांना शाल-श्रीफळ, बायकोची ओटी, मग फोटो आणि बटाटेवडा.

हे मानपत्र सोळा वर्षं मीच लिहिते आणि मीच वाचते. नोकरी सरकारी कार्यालयात अनुवादकाची केली, म्हणजे जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं इकडची तिकडे नेली. मानपत्र तेवढं माझं स्वतःचं. सातव्या-आठव्या वाक्यापर्यंत कुणालाही पत्ता लागू द्यायचा नाही, तिथे थांबून घोटभर पाणी प्यायचं, मग हळूहळू गाठ सोडायची. मला त्याचा गर्व होता. होता कशाला म्हणू, आहेच. तो नसता तर पुढचं काही घडलं नसतं.

माझी एक मैत्रीण होती. मूळची नागपूरची. नवरा कारखान्यात होता म्हणून संसार कारखान्याजवळच्या सोनागिरीत झाला आणि तो गेल्यावर ती मुलाकडे कोलार रोडला राहायला आली. सकाळी शाहपुऱ्याच्या तळ्यावर आम्ही दोघी फिरायचो, म्हणजे पाच मिनिटं फिरायचो आणि तासभर बाकावर बसायचो. तिचा मुलगा हॉटेलांच्या स्वयंपाकघरांना लागणारी मोठी यंत्रं बनवतो. स्वतःच्या हिमतीवर कारखाना काढला, बऱ्याच घरांच्या चुली त्याच्यावर चालतात. मी सांगते आहे त्या वर्षाच्या तीन वर्षं आधी एका हिंदी वर्तमानपत्राने त्याची मुलाखत घेतली. घरी कोण कोण असतं, या नेहमीच्या प्रश्नाला त्याने सरळ उत्तर दिलं की आई, मी आणि माझा जोडीदार. जोडीदाराचं नाव दिलं, ते पुरुषाचं होतं. खाली तिघांचा फोटो, आई मधे बसलेली.

त्यावर आमच्यातलं कुणी एक अक्षर बोललं नाही. आम्ही सुसंस्कृत लोक. फक्त हळदीकुंकवाचा निरोप तिच्यापर्यंत पोचेनासा झाला आणि कोजागरीला तिला बोलवायचं प्रत्येकाच्या डोक्यातून निघून गेलं. मग तिनेच मंडळात यायचं सोडलं.

"कोणी भांडलं असतं तर मीही भांडले असते," ती एकदा म्हणाली. "हे लोक तर नुसते विसरून राहिले मला."

मुलाला याचं काही नव्हतं. मुंबई-दिल्लीला त्याला मोठमोठ्या सभांत बोलावतात, तिथे तो जोडीदाराबरोबर जातो, लोक टाळ्या वाजवतात. तिला त्या टाळ्यांचं काय करायचं होतं? ती म्हणायची, "एकदा आपल्या लोकांसमोर, आपल्या माईकवरून, कोणीतरी त्याचं चांगलं बोलावं. मला ऐकू येईल इतकं मोठ्यानं. बस. मग मी गेली तरी चालते."

आणि मी त्या बाकावर बसून तिला म्हटलं, "यंदा त्याचाच सत्कार आहे."

समितीची बैठक अजून व्हायची होती. समितीत पाच माणसं, त्यातली तिघं माझं ऐकतात असा माझा समज होता. तिने हळूच विचारलं, "दोघांना बोलावतील? वर, स्टेजवर?"

"आपल्याकडे जोडीनेच असतं," मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

त्याच आठवड्यात मी मानपत्र लिहून टाकलं. इतकं चांगलं मी त्याआधी लिहिलं नव्हतं आणि नंतर तर शक्यच नाही. पहिली सात वाक्यं मला अजून पाठ आहेत. सोनागिरीतला जन्म, भोंग्याच्या वेळांवर चालणारं घर, वडिलांची सायकल. मग हे: "ज्या गोष्टीबद्दल सारं शहर गप्प बसणं पसंत करतं, ती आपण स्पष्ट सांगितलीत. त्यामुळे काही दारं बंद झाली. आपण त्या दारांवर राग धरला नाहीत, आणि आपला शब्दही मागे घेतला नाहीत."

बैठकीत मी त्याचं नाव घेतलं तेव्हा सगळे चहाच्या कपात बघायला लागले. नाही कुणीच म्हणालं नाही. एकजण म्हणाले, मुलगा हुशार आहे, वादच नाही. दुसरे म्हणाले, पण आपला सत्कार सपत्नीक असतो, वर कोणाला बसवायचं, ओटी कोणाची भरायची? तिसऱ्या बाईंना समोर बसणाऱ्या लहान मुलांची काळजी होती. अध्यक्ष माझ्याकडे वळून फार गोड आवाजात म्हणाले, "ताई, तुम्हाला अवघड वाटत असेल तर यंदा मानपत्र दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. तुम्ही थकलाही असाल."

मला तिथे राग यायला हवा होता. आली ती भीती. माझ्या हातातला माईक दुसऱ्या बाईच्या हातात गेलेला मला दिसला आणि मी लगेच म्हटलं, "नाहीतर असं करू, सिस्टरांचा करू. त्यांची सेवा किती मोठी. तिच्यापुढे धंद्याचं काय एवढं?"

बैठकीचा जीव भांड्यात पडला. सगळे एकदम बोलायला लागले.

सिस्टर म्हणजे आमच्यातल्याच एक निवृत्त नर्स. वायुकांडात ज्यांची फुप्फुसं आणि डोळे कायमचे गेले अशा लोकांच्या वस्तीत त्या जुन्या शहरात छोटा दवाखाना चालवतात. लग्न केलं नाही. गंमत बघा, बाईने लग्न न करता लोकांची सेवा केली तर आम्ही तिला त्यागमूर्ती म्हणतो आणि वर एकटी बसवायला आम्हाला काही अडचण येत नाही. त्यांचं काम मोठं होतंच, शंभर वेळा मोठं. पण ते काल सुरू झालेलं नव्हतं. इतकी वर्षं सिस्टर तिथेच होत्या, आम्हीच कधी त्या गल्लीत वळलो नव्हतो. एकाला बाहेर ठेवायचं ठरलं त्या दिवशी आम्हाला त्या सापडल्या. सेवा मोठी की धंदा मोठा अशी कुस्ती आम्ही लावून दिली आणि ज्यांची कुस्ती लावली त्या दोघांना तिचा पत्ताही नव्हता.

कळवायला मीच गेले. सिस्टर एका म्हाताऱ्याच्या तोंडाला वाफाऱ्याचा मास्क लावत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याच वर्षी कशी आठवले मी?"

मी कार्यक्रमाची वेळ सांगितली. त्यांनी फार ताणलं नाही.

"घेते," त्या म्हणाल्या. "भिंतीवर मानपत्राची फ्रेम असली की औषधं मागायला गेल्यावर वरचे साहेब खुर्ची तरी देतात."

कार्यक्रमाला चार दिवस उरले होते. नवीन मानपत्र लिहायला बसले तर एक ओळ उतरेना. सिस्टरही सोनागिरीतच जन्मलेल्या, त्यांचेही वडील त्याच कारखान्यात. आणि त्या विषारी वाऱ्याबद्दलही हे शहर गप्प बसणंच पसंत करतं. मी ती सात वाक्यं जशीच्या तशी उचलली. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करतात तसं, त्यात वावगं काय, असं मनाला सांगितलं आणि आठव्या वाक्यापासून सिस्टरांचा दवाखाना आणला.

मैत्रिणीला मात्र मी काहीच सांगितलं नाही. तळ्यावर जायचं टाळलं, गुडघ्याचं कारण काढलं. फोनवर भाजीचं बोलले. तिला वाटलं, गुपचूप कळवायचं असतं ते आपल्याला कळवून झालंय. आणि मला वाटत होतं, तीन वर्षं जी आली नाही ती आत्ता कशाला येईल. इतकं मूर्ख कुणी असतं का? पण मला तसं खरंच वाटत होतं.

ती आली. तिसऱ्या रांगेत, जांभळ्या पैठणीत, डाव्या-उजव्या बाजूला दोघं. त्या दोघांना तिने फक्त "मला सोडायला चला आणि बसा थोडा वेळ" एवढंच सांगितलेलं होतं, हे मला नंतर कळलं. जोडीदार रीवाकडचा आहे, उंच, शांत, मराठीचा गंध नाही. ते तिघं मला माईकसमोर उभी राहिल्यावर दिसले. तेव्हा थांबता आलं असतं. चष्मा विसरले म्हणता आलं असतं, चक्कर आली म्हणून खाली बसता आलं असतं. मी वाचायला सुरुवात केली.

सोनागिरी म्हटल्यावर तिने पदर सारखा केला. वडिलांच्या सायकलीला तिने डोळे पुसले. बंद झालेल्या दारांचं वाक्य आलं तेव्हा ती इकडेतिकडे बघायला लागली, आपल्या लोकांकडे, एकेकाच्या तोंडाकडे, राग नाही, नुसती खुशी. सातवं वाक्य संपलं. सवयीने मी पाण्याचा पेला उचलला.

आणि ती उठून उभी राहिली. मुलगा तिच्याकडे बघत राहिला. तिने दुसऱ्याचा कोपर धरला आणि म्हणाली, "उठ बेटा, तुझे भी जाना है." त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. त्याला काही कळलं नव्हतं, पण आई म्हणाली म्हणून तो उठला आणि सभागृहाकडे वळून त्याने दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

मी आठवं वाक्य वाचलं. विषारी वाऱ्याने पोळलेल्या वस्तीतला तो दवाखाना, असं ते सुरू होत होतं.

तिला कळायला एक क्षण लागला. मुलाने जोडीदाराची बाही ओढून त्याला खाली बसवलं. ती मात्र बसली नाही. उभ्याउभ्याच तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, पहिल्या रांगेतल्या सिस्टरांकडे बघून. लोकांना वाटलं, हिने आधी ओळखलं. मागचे दोघे उभे राहिले, मग रांगच्या रांग, मग सगळं सभागृह. मंडळाच्या इतिहासात असं झालं नव्हतं. अध्यक्षांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, वर मथळा की सेवेला समाजाचा उभं राहून सलाम. तो फोटो आजही मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लावलेला आहे. तिसऱ्या रांगेत ती दिसते, हात टाळीसाठी उघडलेले, चेहरा माझ्या दिशेने. ग्रुपवर कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या तरी आधी तो चेहरा येतो. फोन बदलून बघितला, तोच फोटो.

आठवड्याने ती तळ्यावर आली. मी बाकावर होते, पळायला जागा नव्हती. समितीचं ती काहीच बोलली नाही. "त्यांनी नाही म्हटलं असेल, मला माहीत आहे ना ते लोक," एवढंच. सिस्टरांचं तिने मनापासून कौतुक केलं, त्यांना आधीच मिळायला पाहिजे होतं म्हणाली. मग पाण्याकडे बघत तिने विचारलं, "एक सांग. ती पहिली वाक्यं कोणाची होती?"

तिला तेवढंच हवं होतं. त्याची होती, त्याच्यासाठीच लिहिली होती, तू बरोबर ऐकलंस. एवढं म्हटलं असतं तर तिला हवं होतं ते मिळालं असतं. सगळ्या सभागृहासमोर, माईकवरून, तिच्या मुलाचं चांगलं खरोखरच बोललं गेलं होतं आणि ते तिने ऐकलं होतं. पण मग मी ते उचलून दुसऱ्याला दिलं हेही सांगावं लागलं असतं.

"सिस्टरांचीच की," मी म्हटलं. "दुसरी कोणाची असणार?"

"हो न बाप्पा," ती म्हणाली. "मीच पगली. जे ऐकायचं होतं तेच ऐकून राहिली होती." आणि थोड्या वेळाने, "त्या पोराला उगीच उठवलं मी. माफी मागितली त्याची. चार लोकांत हसं केलं त्याचं."

मी तिची समजूत घातली.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. हॉस्पिटलमध्ये, झोपेतच, फार त्रास न होता. त्यानंतर मानपत्र वाचायला उभी राहिले की सातव्या वाक्यापाशी मला खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. यंदा आला तेव्हा मी वाचता वाचता थांबले, तिसऱ्या रांगेत बघितलं, तर तिथे कुणाचीतरी नात मोबाईलवर खेळत होती. लोकांना वाटलं मी परिणामासाठी थांबले. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण त्या रांगेची मला भीती वाटते.

ती गेल्यावर भेटायला मी कोलार रोडच्या घरी गेले होते. जोडीदाराने पाणी आणून दिलं आणि पाया पडला. मुलगा माझ्याजवळ खाली सतरंजीवर बसला. दाढी वाढलेली, आवाज बसलेला.

"मावशी, आईला ना शेवटपर्यंत त्या प्रोग्रामचंच लागून राहिलं होतं," तो म्हणाला. "हॉस्पिटलमध्ये पण मला सॉरी म्हणायची. म्हणायची, माझं डोकं फिरलं होतं, मला काहीतरी भलतंच ऐकू आलं. मी किती सांगितलं, छोड ना आई, काही झालं नाही. पण मला पण ना, त्या दिवशी थोडा वेळ असं वाटलं होतं..." त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आईला खरंच भास झाला होता का हो, मावशी?"

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"वय झालं की होतं रे असं," मी म्हटलं.