आईला कच्छला जायचं होतं

मंडळी, आज दुपारी कुरुंद्याला आमच्या घरी जे झालं, ते कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

माझी आई हौसेनं गोधड्या शिवते. मोबाइलवर भरतकाम बघता बघता कच्छच्या एका बाईंशी तिची ओळख झाली. आईला गुजराती येत नाही, त्यांना मराठी येत नाही. तरी व्हिडिओ कॉलवर एकमेकींना टाके दाखवत दोघी तासन्‌तास हसतात.

आज त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत मुलीच्या लग्नाचं बोलावणं दिलं. म्हणाल्या, आधीच या, सोबत बसून शिवू. आईचा चेहरा असा खुलला की मी लगेच रेल्वेची तिकिटं बघायला लागले.

तेवढ्यात आईनं बाबांच्या खाटेकडं पाहिलं. बाबांना अर्धांगवायू झालाय. आईशिवाय ते कुणालाच हात लावू देत नाहीत. मदतीला ठेवलेला माणूसही त्यांनी परत पाठवला.

"मी सुट्टी काढते, मी बघते बाबांचं," मी म्हणाले.

"लेकीकडून? न्हाई," बाबा म्हणाले. मग जरा वेळानं आईला म्हणाले, "तू जा. माझ्यापायी काहून अडकून राहिली?" आणि रडायला लागले.

आईनं पदरानं त्यांचे डोळे पुसले. "गेले तरी माझं ध्यान इथंच राहीन," म्हणाली, आणि तिकडं फोन लावून हसत हसत नाही सांगितलं.

बाबांवर रागावता येत नाही. आईला जा म्हणवत नाही. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर तुम्ही काय केलंत? खरंच सांगा.