गृहविज्ञानाची पदवी आणि मंडईचे पाहुणे

मी गृहविज्ञानाची पदवीधर आहे असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक काहीतरी करतो. हसतो, नाहीतर म्हणतो, "वा, म्हणजे स्वयंपाक छान येत असेल." हसणारे मला परवडतात. ते निदान खोटं कौतुक करत नाहीत.

आमचं गाव वैनगंगेच्या काठचं, गडचिरोली जिल्ह्यातलं. आई मी शाळेत असतानाच गेली. बाबा शिलाईचं काम करतात. बारावीनंतर ते मला चंद्रपूरच्या एका कॉलेजात घेऊन गेले, तेव्हा तिथल्या विभागप्रमुख बाईंनी भिंतीवरचा एक रंगीत तक्ता दाखवला. आहारतज्ज्ञ, फॅशन डिझायनर, बालविकास सल्लागार, मोठ्या हॉटेलात मॅनेजर. तक्त्यातल्या सगळ्या पोरी गोऱ्या होत्या आणि सगळ्यांच्या हातात फाइल होती. बाबा त्या तक्त्यापुढे हात जोडायचेच बाकी होते. फी आणि हॉस्टेलसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं आणि सहकर्जदार म्हणून बाबांनी सही केली. बँकेतल्या साहेबाने विचारलं, घर सांभाळायला शिकायचं, त्यालाही कर्ज लागतं का? मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता वाटतं, त्या सगळ्या प्रकारात शुद्धीवर असलेला तो एकटाच माणूस होता.

तीन वर्षं आम्हाला काय शिकवलं? जेवणाच्या टेबलावर काटा कोणत्या बाजूला आणि सुरी कोणत्या बाजूला. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरींच्या घरी टेबलच नव्हतं. रुमालाच्या घड्या घालून त्याचा हंस करायचा, याचं एक अख्खं प्रात्यक्षिक होतं आणि त्याला गुण होते. कौटुंबिक अंदाजपत्रक नावाचा विषय होता. त्यातल्या आदर्श कुटुंबात नवरा कमवायचा, बायको काटकसर करायची आणि दोन मुलं दूध प्यायची. बायकोच्या कमाईला त्यात रकाना नव्हता. कर्जाच्या हप्त्यालाही नव्हता. त्या विषयात मी वर्गात पहिली आले, यापेक्षा मोठा विनोद माझ्या आयुष्यात अजून झालेला नाही.

पदवीनंतर तो तक्ता कुठे गेला कोण जाणे. मी गोंडपिपरीला एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. परीक्षा असली की तास नाही, सुट्टी असली की तास नाही, गावात मंत्री आला तरी तास नाही. आणि शिकवायचं काय, तर तेच. काटा या बाजूला, सुरी त्या बाजूला. महिन्याचे सहा-सात हजार हातात पडत, त्यातले चार हजार हप्त्यात जात. खोलीचं भाडं दिलं की मी अंदाजपत्रकातली काटकसर करायला मोकळी.

हप्ता चुकला की बँकेचा फोन बाबांना जायचा. बाबांची नजर आता सुईत दोरा ओवताना दगा देते. त्यांना तो फोन जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच मी ठरवलेलं होतं.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. त्या गर्दीत लग्नाची पोरं-पोरीही पाहून घेतात. यंदा मामाने एक स्थळ आणलं. मुलगा चंद्रपूरकडे कोळसा खाणीत पर्मनंट. पर्मनंट हा शब्द मामा असा उच्चारायचा की ऐकणाऱ्याने उठून उभं राहावं. मला त्याने साडी नेसायला लावून आत बसवलं. बाबा सकाळपासून मागच्या अंगणात चुलीच्या धुरात होते.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील. मुलगा सारखा रुमालाने मान पुसत होता आणि मी आत बसले होते त्या दाराकडे न बघता मोबाइलकडे बघत होता. त्याच्या वडिलांनी माझा पगार विचारला. मामाने क्षणभरही न थांबता पंचवीस हजार सांगितला. कर्जाबद्दल चकार शब्द नाही. बाबा दारात उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मला मामाची किळस आली, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी बाबांचीही.

मामाला वाटलं, मोठा आकडा सांगितला की भाव वाढतो. पण पाहुण्यांनी तो आकडा तिथल्या तिथे आपल्या खिशात घातला.

"मंग नोकरी सोडू नोको म्हना पोरीले," मुलाचे वडील म्हणाले. "आमी घर बांधून राह्यलो. तिचा पगार घरातच येईन. हुंडा तर आमी मांगतच नाई जी."

म्हणजे माझा पगार यांच्या विटांना, आणि हप्ता बाबांच्या डोळ्यांना. मामा आनंदाने मान हलवत होता. मी आतून बाहेर आले आणि पगार खरा किती, हप्ता किती, किती वर्षांचा राहिलाय, सगळं सांगून टाकलं. दिवाळीच्या सुट्टीचा पगार शून्य आहे, हेही सांगितलं. मुलाने पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला. त्याचे वडील उठायला लागले.

बाबांनी हातातला मटण परतायचा सराटा तसाच धरून त्यांना अडवलं. "बसा जी. मंडईले आलेला पाहुना उपाशी जात नाई."

रिवाजच तो, मोडता येईना. सोयरीक मोडलेली माणसं आमच्या ओसरीत मांडी घालून मटण जेवली. लाज वाटली असेल असं कोणी समजू नये. तिघांनीही तीन-तीनदा वाढून घेतलं. आणि हात धुताना मुलाची आई माझ्यावर उपकार केल्यासारखं म्हणाली, "कर्जाचं राहू द्या, पन हाताले चव आहे पोरीच्या. शिकल्याचं दिसून येते."

"मटन बाबानं केलं, बाई," मी म्हटलं.

मुलाचा रुमाल बाजेवर पडला होता. मी तो उचलला, घड्या घातल्या, मान वर काढली, पंख दुमडले आणि हंस त्यांच्यापुढे ठेवला.

"मी हे शिकली. याचाच हप्ता भरून राह्यली."

मुलगा रुमाल न घेताच निघाला, मामा त्यांना बाजार दाखवतो म्हणत मागे धावला.

बाबा बाजेवर बसले. जिच्यासाठी सही केली ती वस्तू त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतली होती. शिंपी माणूस, त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन सगळ्या बाजूंनी तपासली.

"घड्या साफ बसल्या आहेत," ते म्हणाले.

मग त्यांनी तो हंस, न मोडता, मशीनवर ठेवला. तो अजून तिथेच आहे. हप्ताही अजून चालू आहे.