बाईंचा सव्वातीनचा आकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘बाई’ म्हणत. एकोणीस वर्षं शाळेत गणित शिकवून, चाळिशी उलटल्यावर पुन्हा बाकावर बसून तिने पदवी मिळवली होती. ती इथे लागली तेव्हा कुणी नाक मुरडलं, कुणी गालातल्या गालात हसलं. ती मात्र कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसली ती बसलीच.

काम नाजूक होतं. काडेपेटीएवढी पारदर्शक पट्टी आणि तिच्या पोटात केसाएवढ्या बारीक वाटा. आजारी तान्ह्या बाळाच्या श्वासातली हवा त्या वाटांनी टोकाच्या सेन्सरपर्यंत जायची आणि श्वासात कार्बन डायऑक्साइड किती, ते कळायचं. पट्टी घडवायच्या आधी हवा किती वेगाने वाहील, वायू तिच्यात कसा पसरेल, हे सगळं कॉम्प्युटरवर मांडून बघायचं काम बाईकडे.

तिच्या हिशेबाने वायू दोन सेकंदांत टोकाला पोचायला हवा होता. पट्टी तयार झाली आणि लागले पाच.

“बाई, शाळेत उत्तर पुस्तकाच्या मागे असतं,” प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. “इथे नसतं.”

बोलणं झोंबलं. तिने समीकरणं तीनदा तपासली. उत्तर दोनच. पट्ट्या घडवणाऱ्या कारागिराने पट्टी नव्याने घडवली. पुन्हा पाचच. हिशेब खरा आणि पट्टीही खरी, आता बोट दाखवायचं कुणाकडे?

संध्याकाळी जेवताना वडिलांनी विचारलं, “तोंड का उतरलंय?” चाळीस वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवलेला माणूस तो, आता ऐंशीला टेकलेला. तिने सोपं करून सांगितलं.

“त्या वाटेच्या भिंती कशाच्या?”

“सिलिकॉनच्या. रबरासारखं असतं, बाबा.”

“मग हवा भिंतीतच मुरत असेल.”

“कुठेही भोक नाहीये. तपासलंय.”

“ट्यूबला तरी कुठे असतं? पंक्चर नसलेली सायकल महिनाभर उभी ठेव, चाक बसतंच. गिऱ्हाइकं माझ्याशी भांडायची, पंक्चर नीट काढलं नाही म्हणून. रबर हवा पितं, पोरी.”

तिचा घास हातातच राहिला. सिलिकॉनमधून वायू झिरपतो हे तिने पुस्तकात वाचलं होतं. पण दोन सेकंदांत असा किती झिरपणार, म्हणून तिने ते खुशाल सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने हिशेबात भिंतीही घेतल्या. वायू वाटेतून पुढे जातो तसा थोडा भिंतीतही शिरतो, आणि भिंतीची तहान भागेपर्यंत टोकाला उशिराच पोचतो. कॉम्प्युटरने दोन दिवस घेतले. उत्तर आलं, चार पूर्णांक नऊ दशांश सेकंद.

बैठकीत तिने आधीच सांगून टाकलं, “चूक माझी. भिंती मी दगडाच्या धरल्या होत्या.”

“भिंतींना कान असतात ठाऊक होतं,” कारागीर म्हणाला. “नाकही असतं, हे आज कळलं.”

सगळे हसले, पण प्रमुख हसले नाहीत. “उत्तर कळल्यावर गणित जुळवणं सोपं असतं, बाई.”

ती उठून फळ्यापाशी गेली. “पुढची पट्टी काचेची करा, फक्त झाकण सिलिकॉनचं ठेवा,” असं म्हणून तिने तारखेसकट लिहिलं, ‘सव्वातीन सेकंद’.

“हात दाखवून अवलक्षण कशाला?” कारागीर हळूच म्हणाला.

“पुसू नका,” ती एवढंच बोलली.

तीन आठवड्यांनी पट्टी आली. कारागिराने स्वतः हवा सोडली. पहिल्यांदा तीन पूर्णांक तीन दशांश. दुसऱ्यांदाही तेच. प्रमुखांनी यंत्र बघितलं, मग फळा बघितला, आणि चष्मा पुसत म्हणाले, “यापुढे पट्टी कशी असावी, ते आधी तुम्ही सांगायचं. मग आम्ही घडवू.”

बाईने मान डोलावली.

घरी तिने सांगितलं तेव्हा वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तरी एवढासा फरक का राहिला?” तेही तिला ठाऊक होतं. झाकणाची जाडी सगळीकडे सारखी नव्हती. तिने कागद ओढला आणि झाकणाचं चित्र काढून दाखवायला बसली.